वाफारा घेताना

पावसाळा लागला की घरोघर शिंका ऐकू येतात. नाक चोंदते. डोके जड होते. रात्री झोप येत नाही. मग घरातली म्हातारी माणसे म्हणतात, "वाफारा घे, बरं वाटेल."

बरे वाटते हे खरे. गरम वाफेने नाकातला शेंबूड पातळ होतो. तो शिंकरून टाकता येतो. पण वाफेने पडसे जात नाही. पडसे विषाणूंमुळे होते. ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि वाफेने मरत नाहीत. २०२१ साली करोनाची साथ होती. वाफेने करोना मरतो, अशी आवई तेव्हा उठली होती. ती खोटी होती. साधे पडसे आठ-दहा दिवसांत आपोआप बरे होते. तोवर वाफेने घटकाभर आराम पडतो, इतकेच.

धोका आहे तो पातेल्यातल्या पाण्याचा. आमच्या घरचीच गोष्ट सांगतो. नातू पाच वर्षांचा. त्याला पडसे झाले. मी उकळते पाणी आणून त्याच्यापुढे ठेवले आणि डोक्यावर घोंगडी टाकली. पोर घाबरले. त्याने पाय झाडला, पातेले कलंडले, मांडी भाजली. कोणी म्हणाले, शाई लावा. कोणी कणीक आणली. सूनबाईने कोणाचे ऐकले नाही. पोराला उचलून मोरीत नेले. भाजल्या जागेवर वीस मिनिटे गार पाण्याची धार धरली. मग स्वच्छ फडके झाकून दवाखान्यात नेले. जखम भरली, डाग राहिला. मी जन्मभर मुलांना शिकवले, पण त्या दिवशी मला काही सुचले नाही.

तेव्हापासून आमच्या घरी लहान मुलांना असा वाफारा देत नाहीत. तुम्हीही देऊ नका. त्यांना कोमट पाणी, पेज पाजावी. अंगावर पिणाऱ्या बाळाला आईने वरचेवर पाजावे.

मोठ्या माणसाने घ्यायचा तर असा घ्यावा. रुंद बुडाचे जड पातेले घ्यावे, ते अर्धेच भरावे. पाणी उकळले की चुलीवरून उतरवून थोडा वेळ थांबावे. पेटत्या चुलीपाशी डोक्यावरून कापड घेऊ नये. पातेले चुंबळीवर ठेवावे, म्हणजे हलत नाही. मांडीवर किंवा खाटेवर कधी ठेवू नये. तोंड वीतभर तरी लांब असावे. डोळे मिटावेत. पाच-दहा मिनिटे पुरे. चटका बसू लागला तर लगेच बाजूला व्हावे. पाण्यात ओवा किंवा तुळस घातली नाही तरी चालते, काम वाफच करते. उठताना पाणी तिथेच ठेवू नये. पोरे रांगत येतात.

दमेकऱ्याने आधी डॉक्टरांना विचारावे. ताप तीन दिवसांत उतरला नाही, धाप लागली, किंवा लहान मूल भराभर श्वास घेऊ लागले, तर वाफाऱ्यात वेळ घालवू नये. दवाखान्यात जावे. खोकला दोन आठवडे राहिला तर थुंकी तपासून घ्यावी. सरकारी दवाखान्यात त्याचे पैसे पडत नाहीत.