शेड सुरू करण्याआधी

चि. अनिकेत,



तू महिनाअखेरीला कंपनी सोडतोयस आणि शिरोलीला फॅब्रिकेशनसाठी शेड भाड्याने घेतलीस, असं दादाने फोनवर सांगितलं. फार बरं वाटलं. मशिनं, थ्री फेजचं कनेक्शन, जीएसटी नंबर ही यादी तू केली असशीलच. त्यात आरोग्यविमा बहुधा नसेल, म्हणून लिहितेय. माझी सगळी नोकरी क्लेमच्या टेबलावर गेली. हप्ता भरताना माणसं काय बघतात आणि डिस्चार्जच्या दिवशी त्यांना काय कळतं, हे मी रोज पाहिलंय.

सगळ्यात निकडीचं आधी. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम तुझ्या नोकरीबरोबरच संपेल. पण त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक किंवा फॅमिली फ्लोटर पॉलिसीत तुला जाता येतं. याला मायग्रेशन म्हणतात. फायदा असा की ग्रुपमध्ये काढलेली वर्षं नव्या पॉलिसीच्या वेटिंग पिरियडमधून वजा होतात. कोरी पॉलिसी घेतलीस तर पहिले 30 दिवस अपघात सोडून काही मिळत नाही. हर्निया, मुतखडा, मोतीबिंदू यांना बहुतेक ठिकाणी 2 वर्षं थांबावं लागतं आणि आधीपासूनच्या आजाराला जास्तीत जास्त 3 वर्षं. तुझ्या बायकोला, स्नेहाला, थायरॉईडची गोळी चालू आहे, तेव्हा तिच्यासाठी ही वर्षं मोलाची आहेत. विमा कंपनी तब्येतीची चौकशी करेल, हप्ता ग्रुपपेक्षा जास्त सांगेल, तरी विचारून ठेव. ग्रुप पॉलिसीचे कागद आत्ताच मागून घे, नोकरी सुटल्यावर एचआरकडून ते मिळवणं कठीण जातं.

आता खर्चाचं. नव्या धंद्यात पहिली दोन वर्षं पैशाची ओढाताण असणार, ते मी धरूनच चालते. एक गोष्ट तुझ्या बाजूने झालीय: वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा 18 टक्के जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून गेला. म्हणजे 20,000च्या हप्त्यावर 3,600 रुपये वाचले. खर्च आणखी कमी करायला एका मोठ्या पॉलिसीऐवजी 5 लाखांची साधी पॉलिसी आणि वर 5 लाखांच्या डिडक्टिबलचा, म्हणजे 5 लाखांच्या पुढचा खर्च देणारा, सुपर टॉप-अप, अशी जोडी घे. तेवढंच संरक्षण बरंच स्वस्तात पडतं. मात्र ‘सुपर’ हा शब्द बघून घे. वर्षात दोनदा ॲडमिट व्हावं लागलं आणि दोन्ही वेळा 4 लाख बिल झालं, तर साधा टॉप-अप एक रुपया देणार नाही, कारण प्रत्येक बिल 5 लाखांच्या आत आहे. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज धरतो आणि वरचे 3 लाख देतो.

खालच्या पॉलिसीसाठी ‘आरोग्य संजीवनी’ पाहा. ती 2020 पासून आहे आणि तिच्या अटी सगळ्या कंपन्यांत सारख्याच, त्यामुळे हप्त्याची तुलना सरळ करता येते. तिच्यात प्रत्येक क्लेमचे 5 टक्के आपण भरायचे असतात. आणि खोलीचं भाडं विमा रकमेच्या 2 टक्के, पण दिवसाला 5,000च्या वर नाही.

या भाड्याच्या अटीवर मी जरा थांबते, कारण माणसं इथेच फसतात. समज, मर्यादा 5,000 आहे आणि तू 8,000ची खोली घेतलीस. तुला वाटेल, वरचे 3,000 रोज मी भरीन. तसं होत नाही. सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग हे सगळं त्याच प्रमाणात कापतात. हा खर्च 1,60,000 असेल तर कंपनी 1,00,000 धरते आणि 60,000 तुझ्या खिशातून जातात. औषधं, इम्प्लांट, तपासण्या यांना ही कात्री लागत नाही, तेवढाच दिलासा. तुम्ही ज्या हॉस्पिटलांत जाल तिथल्या खोल्यांचे दर आधी विचार आणि मगच अशी पॉलिसी घे. दर जास्त असतील तर थोडा जास्त हप्ता भरून भाड्याची मर्यादा नसलेली घेतलेली परवडते.

फॉर्ममध्ये सगळं लिही. एजंट म्हणेल, “थायरॉईड कशाला लिहिताय साहेब, हप्ता वाढेल.” त्याचं ऐकू नकोस. माझ्यासमोर असे कागद यायचे: पॉलिसी तीन वर्षांची, फॉर्मवर सगळीकडे ‘नाही’, आणि डिस्चार्ज कार्डावर डॉक्टरांनी सवयीने लिहिलेली ओळ, ‘मधुमेह, आठ वर्षांपासून’. क्लेम तिथेच अडकायचा. बायको काउंटरला उभी असायची आणि एजंट फोन उचलत नसायचा. सलग 60 महिने पूर्ण झाले की माहिती लपवली या कारणाने क्लेम नाकारता येत नाही, पण सिद्ध झालेल्या फसवणुकीला ती सवलत नाही. त्या भरवशावर राहू नकोस.

दादा-वहिनींना तुमच्या फ्लोटरमध्ये घालू नकोस. हप्ता सगळ्यात मोठ्या वयाच्या माणसावर ठरतो. त्यांची पॉलिसी वेगळी. शिवाय महात्मा फुले जन आरोग्य योजना आता पांढऱ्या रेशनकार्डालाही लागू आहे, कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत. पण यादीतले उपचार आणि यादीतलीच हॉस्पिटलं, तेव्हा जवळचं कुठलं आहे ते योजनेच्या आरोग्यमित्राकडून आत्ताच काढून ठेव. घाईच्या वेळी ते सुचत नाही. आणि माझी आई, म्हणजे तुझी आजी, सत्तरीच्या पुढची, तिला उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, त्याचेही 5 लाख.

करबचतीसाठी म्हणून विमा घेऊ नकोस. आरोग्यविम्याच्या हप्त्याची वजावट जुन्या कररचनेतच मिळते. हप्त्याची तारीख मात्र चुकवू नकोस. वार्षिक हप्त्याला 30 दिवसांची सवलत असते, त्यात पॉलिसी तुटत नाही, पण त्या दिवसांतलं आजारपण आपल्या खर्चाने.

फॉर्म भरलास की सही करण्याआधी फोटो काढून मला पाठव, मी ओळ न् ओळ वाचीन. मायग्रेशनच्या कागदांसाठी एचआरला मेल उद्याच टाक. आणि आजीच्या आधारला कुठला मोबाईल नंबर जोडलाय ते दादाला विचारून कळव. वय वंदना कार्डाचा ओटीपी त्यावरच येईल, जुना नंबर असेल तर आधी तो बदलून घ्यावा लागेल.

तुझी,
आत्या