परवाना कशासाठी असतो?



खानावळ काढायची तर नगरपालिकेचा परवाना लागतो. तो देताना स्वयंपाकघर स्वच्छ आहे का, आग लागली तर बाहेर पडायला वाट आहे का, गाड्या कोठे उभ्या राहणार, हे अधिकाऱ्याने पाहावे. याबद्दल कोणाची तक्रार नसते. पण मालक धर्माविषयी काय मानतो आणि काय बोलतो, हेही पाहावे काय? या प्रश्नावर अमेरिकेत गाजलेल्या दोन घटनांचा आज आपण अभ्यास करू.

पहिली घटना : बॉस्टन आणि शिकागो, २०१२

‘चिक-फिले’ ही चिकन सँडविच विकणारी अमेरिकेतील मोठी कंपनी आहे. तिचे संस्थापक ट्रूएट कॅथी बॅप्टिस्ट पंथाचे होते. १९४६ साली त्यांनी जॉर्जिया राज्यात पहिले उपाहारगृह काढले. रविवारी धंदा बंद ठेवण्याचा त्यांचा नियम कंपनी आजही पाळते. २०१२ च्या उन्हाळ्यात त्यांचे पुत्र डॅन कॅथी यांनी मुलाखतींतून सांगितले की, विवाह एक पुरुष आणि एक स्त्री यांच्यातच होतो, असे आपण बायबलच्या आधारे मानतो. समलिंगी विवाहाला विरोध करणाऱ्या संघटनांना कंपनीकडून देणग्या गेल्याचेही तेव्हा चर्चेत होते.

त्यावर मोठे वादळ उठले. बॉस्टनचे महापौर थॉमस मेनिनो यांनी आमच्या शहरात येऊ नका, असे पत्र कंपनीला लिहिले. परवाने मिळणे अवघड जाईल, असा इशाराही त्यांनी दिला. शिकागोत आपल्या वॉर्डात हे उपाहारगृह होऊ देणार नाही, असे नगरसेवक जो मोरेनो यांनी जाहीर केले. वॉर्डात काय बांधावे याबाबत तेथील नगरसेवकाचा शब्द अखेरचा मानायची शिकागोत प्रथा होती. त्यामुळे हा इशारा पोकळ नव्हता.

पण लक्षात घेण्यासारखी गोष्ट पुढे घडली. न्यूयॉर्कचे महापौर मायकेल ब्लूमबर्ग हे समलिंगी विवाहाचे उघड समर्थक होते. तरीही, मालकाची मते पाहून परवाना द्यायचा की नाही हे ठरवणे शासनाचे काम नव्हे, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या ज्या संघटनेला कॅथी यांचे मत मुळीच मान्य नव्हते, तिच्या इलिनॉय शाखेनेही नगरसेवकाची भूमिका घटनाविरोधी ठरवली. आपल्याला परवाने अडवता येणार नाहीत, हे मेनिनो यांनीही काही दिवसांतच मान्य केले.

तीन गोष्टी वेगळ्या ठेवू या

एक : मालकाचे मत. दुकान चालवतो म्हणून कोणी आपला विश्वास घरी ठेवून यावा, असे नाही. तो बोलू शकतो.

दोन : ग्राहकाचे उत्तर. १ ऑगस्ट २०१२ रोजी कंपनीच्या पाठीराख्यांनी उपाहारगृहांसमोर लांबच लांब रांगा लावल्या. विरोधकांनी बहिष्कार घातला, निदर्शने केली. दोघेही आपला हक्क बजावत होते. आपल्या मतावर टीका झाली म्हणजे आपला छळ झाला, असे ख्रिस्ती माणसाने समजू नये.

तीन : शासनाची सत्ता. ग्राहक पाठ फिरवतो, तेव्हा एक गिऱ्हाईक जाते. नगरपालिका पाठ फिरवते, तेव्हा धंदाच बंद होतो. म्हणूनच अमेरिकेच्या राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीने शासनाचा हात बांधला आहे.

दुसरी घटना : ईस्ट लान्सिंग, २०१७

ही घटना अधिक कठीण आहे, कारण येथे मताबरोबर वागणुकीचाही प्रश्न होता. मिशिगन राज्यातील एक कॅथलिक कुटुंब आपल्या बागेतील सफरचंदे ईस्ट लान्सिंग शहराच्या शेतकरी बाजारात विकत असे. त्यांच्या फळबागेत लग्नसमारंभही होत. आपल्या बागेत समलिंगी जोडप्यांचे विवाह लावणार नाही, असे त्यांनी जाहीर केले. बाग शहराच्या हद्दीबाहेर होती. बाजारात ते सर्वांना सारखीच फळे विकत. तरीही शहराने नियम बदलले आणि २०१७ साली त्यांना बाजारातील जागा नाकारली.

शहराचे म्हणणे असे की, आम्ही मताला नव्हे, भेदभावाला शिक्षा करतो. हे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. दार बंद झालेल्या माणसाचे दुःख खरे असते. पण ऑगस्ट २०२३ मध्ये संघीय न्यायालयाने कुटुंबाच्या बाजूने निकाल दिला. इतर कारणांसाठी सवलत देण्याची मुभा शहराने स्वतःकडे ठेवली होती, मात्र श्रद्धेच्या कारणासाठी ती नाकारली. हे धर्मस्वातंत्र्याला धरून नाही, असे न्यायालयाला दिसले.

ख्रिस्तसभा काय शिकवते?

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मस्वातंत्र्याविषयीचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. धर्माच्या बाबतीत कोणालाही सदसद्‌विवेकाविरुद्ध वागण्याची सक्ती होऊ नये, असे तो सांगतो. हे स्वातंत्र्य केवळ कॅथलिकांचे नव्हे, प्रत्येक माणसाचे आहे, आणि न्याय्य सार्वजनिक सुव्यवस्था ही त्याची मर्यादा आहे. समलिंगी व्यक्तींशी आदराने वागावे, त्यांच्याबाबत अन्यायकारक भेदभाव टाळावा, असेही ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथ बजावतो. आपल्या गल्ल्याजवळ आलेला कोणताही माणूस अपमानित होऊन परत जाऊ नये.

आपल्यासाठी बोध

आपल्या देशाच्या राज्यघटनेतही १९ व्या कलमात भाषणाचे व व्यवसायाचे, तर २५ व्या कलमात सदसद्‌विवेकाचे व धर्माचे स्वातंत्र्य आहे. आपण येथे अल्पसंख्य आहोत. परवान्याच्या कागदावर मालकाची श्रद्धा तपासण्याची मुभा एकदा दिली, तर उद्या ती कोणाच्या हाती जाईल, हे आपल्याला ठाऊक नसते. म्हणून ज्याचे मत आपल्याला रुचत नाही, त्याच्याही परवान्यासाठी आपण उभे राहिले पाहिजे. ब्लूमबर्ग यांनी तेच केले. आपल्या बाजूच्या माणसासाठी न्याय मागणे सोपे असते. खरी परीक्षा दुसऱ्याच्या वेळी होते.

समूहात चर्चेसाठी प्रश्न

१. एखाद्या दुकानावर बहिष्कार घालणे आणि त्याचा परवाना अडवणे, यांत काय फरक आहे?
२. आपल्या श्रद्धेची टिंगल करणाऱ्या दुकानदाराचा परवाना रद्द करण्याची मागणी झाली, तर आपण सही कराल काय?
३. आपल्या दुकानात, कचेरीत वा शेतावर वेगळ्या मताच्या माणसाला आपण कसे वागवतो?