चिनी मातीच्या कुळातील वीजघट

बाग सेवनियातील आपल्या वस्तीस विजेच्या यंत्रांची ओळख नव्याने करून देण्याचे कारण नाही. 1956 साली भोपाळात अवजड विद्युत् यंत्रांचा उद्योग स्थापन झाला व त्याच्या आधाराने अनेक कुटुंबे येथे स्थिरावली. ती यंत्रे फिरतात तेव्हा वीज निर्माण होते. परंतु ज्यात काहीच फिरत नाही, असाही एक वीजजनक आहे. घन ऑक्साइड इंधन-घट हे त्याचे नाव. त्याची रचना आम्ही येथे थोडक्यात सांगत आहोत.

या घटाचे हृदय म्हणजे झिर्कोनियाचा पातळ थर. शुद्ध झिर्कोनिया भाजून थंड होताना स्फटिकरचना बदलतो आणि तडकतो. त्यात शेकडा आठ रेणू या प्रमाणात यिट्रिया मिसळल्यास रचना स्थिर राहते. शिवाय यिट्रियमचे दर दोन अणू आत शिरले की प्राणवायूची एक जागा रिकामी पडते. सुमारे 800 अंश सेल्सिअसला प्राणवायूचे आयन या रिकाम्या जागांतून पुढे सरकतात. जर्मन शास्त्रज्ञ नेर्न्स्ट यांनी असा पदार्थ 1899 च्या सुमारास दिव्यासाठी वापरला. बाऊर व प्राइस यांनी 1937 साली त्याचा घट केला.

थराच्या एका बाजूस हवा, दुसरीस हायड्रोजन. आयन थरातून जाऊन हायड्रोजनशी मिळतात व पाण्याची वाफ होते. इलेक्ट्रॉनांना मात्र थरातून वाट नसते; ते बाहेरच्या तारेतून जातात. तीच आपली वीज. एका घटास काम करताना जेमतेम 0.7 व्होल्ट मिळतात, म्हणून अनेक घट एकावर एक रचतात.

आता कृती. निकेल ऑक्साइड व झिर्कोनिया यांची भुकटी चिकट द्रवात कालवून तिची सुमारे अर्धा मिलिमीटर जाड पट्टी पसरतात. तिच्यावर झिर्कोनियाचा थर देतात. भाजल्यावर तो मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतका उरतो. प्रथम भट्टी अगदी सावकाश चढवावी, म्हणजे चिकट द्रव्य फोड न येता जळून जाते. मग सुमारे 1400 अंशांवर भाजावे. या वेळी पट्टी लांबी-रुंदीत जवळजवळ पाचव्या हिश्शाने आकसते. दोन थर सारखे आकसले नाहीत, तर ती पापडासारखी वाकते.

हवेकडील लेप मागाहून व कमी उष्णतेवर देतात. उष्णता वाढली, तर त्यातील लँथेनम झिर्कोनियाशी संयोग पावते आणि वीज अडविणारा थर तयार होतो. शेवटी हायड्रोजनमध्ये तापविल्यावर निकेल ऑक्साइडचे सच्छिद्र निकेल होते.

सारी परीक्षा त्या पातळ थराची. रंगाचा थेंब टाकावा; तो पलीकडे उमटला, तर घट बाद. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातूनही वायू एकमेकांत मिसळतात.

कोलकात्याच्या केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्थेत असे घट तयार झाले आहेत. तरुण सभासदांस आमचे सांगणे एवढेच, की हा प्रयोग घरी करू नये: निकेलची धूळ घातक आहे व हायड्रोजन स्फोटक. परंतु साध्या चिनी मातीची चकती भाजण्यापूर्वी व भाजल्यानंतर मोजून वहीत नोंदावी. या विद्येचा पहिला धडा तोच होय.