स्वतःची ओळख

मूल वाढू लागले, की घरातील वडील माणसे त्याला भिंतीशी उभे करून त्याच्या उंचीची खूण करतात. वर्षभराने पुन्हा खूण केली, म्हणजे किती वाढ झाली ते सर्वांना दिसते. शरीराची वाढ अशी मोजता येते आणि ती बहुधा आपोआप होते. मनाची वाढ मात्र भिंतीवर उमटत नाही. आपला स्वभाव कसा आहे, आपल्याला काय साधते, काय साधत नाही, कोणत्या कामात आपले मन रमते आणि कोणत्या गोष्टीला ते भिते, हे ज्याचे त्यानेच पाहावे लागते. शिवाय ही ओळख एकदा करून घेतली, की काम संपले असे होत नाही. बाल्यात जे खरे असते, ते तारुण्यात बदलते. तारुण्यातील उत्साहाला प्रौढ वयात वेगळे वळण द्यावे लागते. आणि वार्धक्यातही शिकण्यासारखे पुष्कळ उरते. म्हणूनच आपल्या पूर्वजांनी आयुष्याचे चार आश्रम कल्पिले आणि प्रत्येकाचा धर्म वेगळा सांगितला.

आयुष्याच्या प्रत्येक टप्प्यावर स्वतःला नव्याने ओळखणारा एक पुरुष महाराष्ट्रात होऊन गेला. त्यांचे नाव धोंडो केशव कर्वे. त्यांना एकशे चार वर्षांचे आयुष्य लाभले. दीर्घायुष्य पुष्कळांना मिळते. परंतु त्यातील प्रत्येक दशकात काही नवे करून दाखविणारे विरळाच.

धोंडोचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी झाला. त्याचे बालपण कोकणात, दापोलीजवळच्या मुरूड या समुद्रकाठच्या गावी गेले. घरची स्थिती बेताची होती. मुलगा अभ्यासू, पण अतिशय लाजाळू. चार माणसांत बोलायचे म्हटले, की त्याची जीभ अडखळे. आपला हा दोष त्याला ठाऊक होता. सुदैवाने त्याला सोमण नावाचे शिक्षक लाभले. सार्वजनिक कामाची आवड त्यांनीच त्याच्या मनात रुजविली. देवळात जमलेल्या गावकऱ्यांना वर्तमानपत्र वाचून दाखविण्याचे काम त्याच्याकडे आले, तेव्हा हा संकोची मुलगा ते करू लागला. स्वतःचे शब्द जुळवून भाषण करणे त्याला जमत नव्हते. परंतु समोर ठेवलेले नेमाने वाचणे जमत होते. जे जमते तेथून आरंभ करावा, हा धडा त्याला असा लहानपणीच मिळाला.

सतराव्या वर्षी त्याच्यावर एक कठीण प्रसंग आला. त्या काळी मराठी सहावीची परीक्षा देण्यासाठी मुलांना दूरच्या गावी जावे लागे. पावसाळी दिवस, समुद्रमार्ग बंद. तेव्हा धोंडो आणि त्याचे सोबती पायीच साताऱ्यास निघाले. कुंभार्ली घाट चढून, पाऊस आणि चिखल तुडवीत, शंभर मैलांहून अधिक वाट त्यांनी चार-पाच दिवसांत कापली. साताऱ्यास पोचल्यावर परीक्षकांनी या किरकोळ बांध्याच्या मुलाकडे पाहिले. परीक्षेसाठी सतरा वर्षे पूर्ण झालेली असावी लागत. धोंडोचे वय तेवढे होते. पण तो तेवढा दिसत नव्हता. वयाचा दाखला जवळ असूनही त्याला परीक्षेस बसू दिले नाही.

एवढे चालून येऊन रिकाम्या हाती परत फिरायचे, याचे दुःख कोणासही झाले असते. धोंडोलाही ते झाले. परंतु त्याने अभ्यास सोडला नाही. पुढे ती परीक्षा दिली आणि तो उत्तीर्णही झाला. नंतर तो इंग्रजी शिकू लागला. मॅट्रिकची परीक्षा त्याने १८८१ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी दिली. बरोबरीची मुले कधीच पुढे गेली होती. इतरांच्या वेगाशी स्वतःची तुलना करीत तो बसला असता, तर कदाचित तेथेच थांबला असता. आपली चाल मंद आहे, पण आपण वाट सोडीत नाही, हे त्याने ओळखले होते. १८८४ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित विषय घेऊन तो बी.ए. झाला.

१८९१ साल त्यांच्या आयुष्यात दुःखाचे आणि नव्या आरंभाचेही ठरले. त्या वर्षी त्यांच्या पत्नी राधाबाई निवर्तल्या आणि त्याच वर्षी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात ते गणिताचे अध्यापक झाले. आता सर्व जण त्यांना अण्णा म्हणू लागले होते. त्या काळच्या रूढीप्रमाणे अण्णांनी एखाद्या अल्पवयीन कुमारिकेशी दुसरा विवाह केला असता, तरी कोणी नाव ठेवले नसते. परंतु बालविधवांची दुःस्थिती त्यांनी जवळून पाहिली होती. विधवाविवाहाला कायद्याची मान्यता १८५६ सालीच मिळाली होती. समाजाची मात्र मिळाली नव्हती. अण्णांनी आपल्या मनाला प्रश्न विचारला, की जे आपल्याला न्याय्य वाटते, ते स्वतः आचरण्याचे धैर्य आपल्यात आहे काय? ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी त्याचे उत्तर दिले. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाई या विधवेशी त्यांनी विवाह केला. विवाहानंतर त्यांचे नाव आनंदीबाई ठेवले. पुढे लोक त्यांना बाया कर्वे म्हणून ओळखू लागले.

मुरूडच्या गावकऱ्यांनी बहिष्कार घातला. त्याची झळ अण्णांच्या वृद्ध आईला आणि भावाला सोसावी लागली. स्वतःचा अपमान माणूस सोसतो. पण आपल्यामुळे आप्तांना दुःख झालेले सोसणे फार अवघड. अण्णा कोणावर रागावले नाहीत आणि आपला निश्चयही त्यांनी बदलला नाही.

विवाहाच्याच वर्षी त्यांनी विधवाविवाहाला उत्तेजन देणारी मंडळी स्थापन केली. तथापि, काम करता करता त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली. पुनर्विवाहाला तयार होणाऱ्या विधवा थोड्या; परंतु शिकून आपल्या पायांवर उभी राहण्याची गरज मात्र प्रत्येकीला होती. शिवाय वादविवाद करून सभा जिंकणे हा अण्णांचा पिंड नव्हता. शिकविणे, हिशेब चोख ठेवणे, एकेका माणसाला भेटून त्याची सहानुभूती मिळविणे, ही त्यांची खरी शक्ती होती. समाजाची गरज आणि आपली शक्ती यांचा मेळ त्यांना शिक्षणात दिसला. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम स्थापन केला आणि पुनर्विवाहाच्या प्रचारापासून आश्रम अलिप्त ठेवला. काही सुधारकांना हे रुचले नाही. ‘कर्वे मागे हटले’ असे त्यांना वाटले. परंतु मार्ग बदलला, तरी हेतू तोच होता.

१९०० साली आश्रम पुण्याबाहेर हिंगणे येथे गेला. त्या वेळी तेथे सगळा माळ होता; आज त्या भागाला कर्वेनगर म्हणतात. एका साध्या झोपडीत मुलींची राहण्याची आणि शिकण्याची सोय झाली. फर्ग्युसन कॉलेजातील अध्यापन आटोपले, की अण्णा पायी हिंगण्याची वाट धरीत. साताऱ्याच्या रस्त्यावर सतराव्या वर्षी लागलेली चालण्याची सवय चाळिशीतही कामास आली.

आश्रमासाठी त्यांनी आपली शिल्लक दिली आणि आयुर्विम्याची रक्कमही दिली. त्यामुळे घरी ओढाताण होई. बाया कर्वे यांनी ‘माझे पुराण’ हे आपले आत्मचरित्र लिहिले. ते १९४४ साली प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी या ओढाताणीची हकिकत कसलाही आडपडदा न ठेवता सांगितली आहे. बाया स्वतः आश्रमासाठी झटल्या, तरी संसाराचा भार कोणावर पडला हे सांगण्यास त्या कचरल्या नाहीत. थोर माणसाची ओळखही त्याच्या एकट्याच्या सांगण्याने पुरी होत नाही. आपल्या डोळ्यांना आपली पाठ दिसत नाही. ती दुसऱ्यालाच दिसते. म्हणून स्वतःला ओळखू इच्छिणाऱ्याने जवळच्या माणसांचे बोलणे शांतपणे ऐकावे.

१९१४ साली अण्णा कॉलेजातून निवृत्त झाले. तेव्हा त्यांचे वय छप्पन्न होते. पुढच्याच वर्षी, १९१५ मध्ये, त्यांनी ‘आत्मवृत्त’ लिहून आपल्या आयुष्याचा आढावा घेतला. पुष्कळांचे आत्मचरित्र म्हणजे आयुष्याचा शेवटचा हिशेब असतो. अण्णांच्या बाबतीत मात्र तो अर्ध्या वाटेवरचा मुक्काम ठरला. जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्या हाती आली होती. तिने त्यांच्या मनात नवी कल्पना जागी केली आणि १९१६ साली, अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्यांनी भारतातील पहिले महिला विद्यापीठ स्थापन केले. तेथे मुलींना मातृभाषेतून उच्च शिक्षण मिळू लागले. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी विद्यापीठाला पंधरा लाख रुपयांची देणगी जाहीर केली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्री श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव देण्यात आले.

१९२९ साली, सत्तरी ओलांडल्यावर, अण्णा विद्यापीठाचा परिचय जगाला करून देण्यासाठी परदेशी निघाले. चार माणसांत बोलताना अडखळणारा मुरूडचा तो मुलगा आता जिनिव्हा येथील शिक्षणपरिषदेत परक्या भाषेत, परक्या श्रोत्यांपुढे उभा राहिला. त्यांचे वक्तृत्व पल्लेदार झाले होते असे नव्हे. सांगण्यासारखे खरे काम पदरी होते, म्हणून साधे शब्दही पुरेसे पडत होते. युरोप आणि अमेरिका हिंडून ते जपानलाही गेले आणि ज्या विद्यापीठाने त्यांना स्फूर्ती दिली होती, ते त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले.

यानंतर तरी विसावा घ्यावा, असे कोणीही म्हटले असते. परंतु १९३६ साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यांतील मुलांच्या प्राथमिक शिक्षणासाठी त्यांनी मंडळ काढले आणि लहान लहान वर्गण्या जमविण्यासाठी ते पुन्हा घरोघर हिंडू लागले. १९४४ साली, शहाऐंशीव्या वर्षी, त्यांनी जातिभेदाविरुद्ध समता संघ स्थापन केला. आरंभी त्यांची दृष्टी बालविधवांच्या दुःखावर खिळली होती; पुढे ती सर्व स्त्रियांकडे, तेथून खेड्यांतील मुलांकडे आणि शेवटी सर्व माणसांकडे वळली. शरीर थकत गेले, तसे मनाचे अंगण विस्तारत गेले.

१९५८ साली, वयाला शंभर वर्षे पूर्ण झाली तेव्हा, भारत सरकारने त्यांना ‘भारतरत्न’ ही पदवी दिली. त्याच वर्षी त्यांचे चित्र असलेले टपाल तिकीटही निघाले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी त्यांचे निधन झाले.

अण्णांचा लाजाळूपणा पुरता गेला असे कोणी म्हणणार नाही. त्यांनी तो लपविला नाही आणि त्याच्यापुढे हारही खाल्ली नाही. तो बरोबर घेऊनच ते चालत राहिले. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला आपण पुढे कोण होणार हे ठाऊक नसते आणि ते ठाऊक असण्याची गरजही नसते. आज आपल्याला काय जमते, ते पाहून नेमाने करीत जावे. काय जमत नाही, ते प्रामाणिकपणे मान्य करावे. भिंतीवरील उंचीची खूण अठराव्या-विसाव्या वर्षी थांबते. मनाच्या वाढीला असे कोणतेही वय नेमून दिलेले नाही.

स्वाध्याय

१. साताऱ्याच्या प्रसंगातून धोंडोच्या स्वभावाचे कोणते गुण दिसतात?
२. विधवाविवाहाच्या प्रचाराऐवजी अण्णांनी शिक्षणाचा मार्ग का निवडला? त्यावर काही सुधारकांचे मत काय झाले? तुम्हांला कोणाचे म्हणणे पटते? कारणे द्या.
३. ‘आपल्या डोळ्यांना आपली पाठ दिसत नाही’ या वाक्याचा अर्थ धड्याच्या आधारे स्पष्ट करा.
४. तुम्हांला सहज जमणारी एक गोष्ट आणि अवघड वाटणारी एक गोष्ट वहीत लिहा. त्याच दोन गोष्टींविषयी घरातील एका वडील माणसाचे मत विचारा आणि तेही शेजारी लिहा. वर्षाच्या शेवटी ते पान पुन्हा वाचा.