वैनगंगेला वळसा: भंडाऱ्यात सात दिवस, गाडी आपली

पुतण्या मागच्या वर्षी सिसिलीला आठवडाभर भाड्याच्या गाडीने फिरून आला आणि महिनाभर आमचं डोकं खाल्लं. "काका, बेटावर चुकायचा प्रश्नच नाही. समुद्र एका हाताला ठेवायचा आणि चालवत राहायचं." त्याला म्हटलं, आता भंडाऱ्याला ये. इथे पाणी कोणत्याच एका हाताला राहत नाही. वैनगंगा जिल्ह्याच्या मधून जाते, वरून बावनथडी येते, पूर्वेकडून चुलबंद. उरलेल्या जागेत गावागणिक तलाव आणि बोड्या. डिसेंबरात तो आला. सात दिवस गाडी त्याने चालवली, मी बाजूला बसून सूचना दिल्या. त्यातल्या ज्या खऱ्याच कामी आल्या त्या या.

काय करावे

• दिवाळीनंतर निघा, होळीच्या आत परता. पावसाळ्यात ठेंगणे पूल पाण्याखाली जातात आणि जंगलाची दारं बंद असतात. एप्रिल-मे बद्दल बोलायलाच नको. थंडीत तलाव भरलेले असतात, वरून उतरलेले पट्टकादंब आणि बदकं असतात, धान घरी आलेलं असतं आणि माणसं बोलायला मोकळी असतात. सारस पाहायचाच असेल तर गोंदियाकडे एक दिवस काढा, भंडाऱ्यात तो अगदीच मोजका आहे.

• गाडी भाड्याची असेल तर आधी पाटी बघा. स्वतः चालवायला रीतसर भाड्याने दिलेल्या गाडीची पाटी काळी, अक्षरं पिवळी. ओळखीतल्या कुणाची पांढऱ्या पाटीची गाडी पैसे देऊन आणलीत आणि काही झालं, तर विमा कंपनी हात वर करेल. नागपूरहून येताना माथनीला टोल, पुढे साकोलीजवळ सेंदूरवाफ्याला. फास्टॅगचा वार्षिक पास फक्त खासगी गाडीला चालतो, भाड्याच्या गाडीला नाही.

• वळसा घड्याळाच्या उलट घ्या. भंडाऱ्याहून खाली पवनी, तिथून पूर्वेला लाखांदूर, वर सानगडी-साकोली, मग नागझिरा जंगलाचं दार पिटेझरी, कोका, तुमसर आणि मोहाडीवरून परत. शनिवारी निघालात तर जंगलाचा मुक्काम आठवड्याच्या मधल्या वारी पडतो, तेव्हा सफारीला गर्दी कमी. अंतरं किरकोळ आहेत. भंडाऱ्याहून तुमसर तीसेक किलोमीटर, साकोली चाळीसेक, पवनी पंचेचाळीसच्या आसपास. एका दिवसात सगळं उरकता येईल असं वाटतं. उरकू नका.

• पूल पाठ करा. कारध्याचा, पवनीचा, तुमसरकडे माडगीचा आणि आंभोऱ्याचा नवा. नदीच्या पलीकडचं गाव डोळ्यांना दिसतं म्हणून जवळ असतं असं नाही. माडगीला थांबाच. पात्रातल्या खडकावर नृसिंहाचं मंदिर आहे आणि नदी त्याच्या दोन्ही अंगांनी जाते. पुतण्याला अखेर बेट मिळालं ते इथे.

• पवनीला गाडी उभी करा आणि अख्खा दिवस पायी फिरा. नदीवरचे घाट, देवळांची दाटी, गावाला जुना कोट. पण खरी पवनी मातीखाली आहे. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने इथे उत्खनन केलं तेव्हा जगन्नाथ टेकडीखाली स्तूप निघाला, सांचीच्या मोठ्या स्तूपाच्या तोडीचा. आज तिथे जाऊन 'काहीच नाही इथे' म्हणणारे पुष्कळ भेटतात. सकाळच्या तिरप्या उन्हात टेकडीभोवती एक फेरी मारा, घेराचा अंदाज पायांना येतो.

• आंभोऱ्याला संध्याकाळी पोहोचा. वैनगंगा, कन्हान, आम, मुरझा, कोलारी असा पाच नद्यांचा संगम, काठावर चैतन्येश्वर. मुकुंदराजांनी 'विवेकसिंधु' इथे लिहिला असं मानतात. शके १११० म्हणजे इसवी ११८८. आंबेजोगाईकरांचाही मुकुंदराजांवर हक्क आहे, त्या वादात प्रवाशाने पडू नये. केबलवर तोललेला पूल २०२४ मध्ये सुरू झाला. देऊळ नागपूर जिल्ह्यात, पलीकडचा काठ भंडाऱ्यात. पुलावरच गाडी थांबवून फोटो काढणाऱ्यांत मात्र दोन्ही जिल्ह्यांचे लोक असतात. तुम्ही गाडी टोकाला लावा आणि चालत या.

• मामा तलावांपाशी थांबा. मामाचा इथे संबंध नाही. 'माजी मालगुजारी' तलाव, त्याचं कचेरीतलं आखूड नाव. गोंड राजांच्या काळापासून कोहळी लोकांनी उतार हेरून, माती टाकून हे तलाव बांधले. १९५१ मध्ये मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. साकोलीजवळचा शिवनीबांध नक्की पाहा. काठावर धिवर मंडळी शिंगाडे काढताना दिसली तर उतरून विकत घ्या, उकडलेले मिळाले तर अर्धा किलोवर थांबता येत नाही.

• एक रात्र नाटकाला द्या. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरू लागली की झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात ती होळीपर्यंत. कंपन्यांचं ठाणं पलीकडे वडशाला, पण लाखांदूर-साकोलीकडे गावोगावी प्रयोग होतात. रात्री दहाच्या पुढे पडदा उघडतो आणि पहाटे पडतो. याच रंगभूमीच्या परशुराम खुणेंना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. घोंगडी किंवा जाड चादर न्या. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी चालवू नका, झोपा.

• जेवणात चिन्नोरचा भात मागा. ताटात येईपर्यंत वास पुढे येतो. २०२३ मध्ये भंडाऱ्याच्या चिन्नोरला भौगोलिक मानांकन मिळालं. शेतात उभं असतं ते 'धान', ताटात पडतो तो 'भात'. शेताला 'भाताचं शेत' म्हणालात की तुम्ही पुण्या-मुंबईचे हे कळलंच. तसंच, बाजारात 'सांबार' म्हटलं की कोथिंबीर मिळते.

• कोसा रेशीम आंधळगावला, मागाजवळच घ्या. मागावर बसलेल्या माणसाला दोन प्रश्न विचारले तर तो चार गोष्टी सांगतो, दुकानदार फक्त किंमत सांगतो.

काय टाळावे

• नकाशावर आंधळा विश्वास. राजीव गांधींनी २२ एप्रिल १९८८ रोजी गोसेखुर्द धरणाची पायाभरणी केली. आज धरणाला तेहतीस दरवाजे आहेत आणि मागचं पाणी वैनगंगेत पार आंभोऱ्याच्या वरपर्यंत पसरलेलं असतं. जुने रस्ते त्याखाली गेले, फोनमधून गेले नाहीत. आम्हाला बाईंचा आवाज 'सरळ जा' सांगत होता आणि समोर डांबर सरळ पाण्यात उतरलं होतं. बाजूच्या किलोमीटरच्या दगडावर जाळं वाळत घातलेलं. डोंग्यातला माणूस आमच्याकडे पाहून हसला, म्हणाला, "पुढं गाव होतं. आता मासोळ्या हायेत." जलाशयाच्या आसपास फिरताना फोनपेक्षा पानठेल्यावर विचारा.

• 'इथंच तं आहे' हे ऐकून पेट्रोलचा हिशेब करणं. ते दोन किलोमीटरही असतं आणि बावीसही. टाकी तालुक्याच्या गावी भरा.

• रस्त्यावर वाळत घातलेलं धान तुडवणं. अर्धा रस्ता धानाचा, अर्धा गाडीचा, हा अलिखित करार आहे. कडेला दगड मांडलेले असतात, ती सीमा. पुतण्याने समोरून येणाऱ्या ट्रकसाठी चाक आत घातलं, तर काठावरची म्हातारी फावडं घेऊन उठली: "धानावरून नोको नेऊ गा बाबू, दाना फुटते." फुटलेला दाणा गिरणीत कणी होतो आणि कणीला भाव नाही. याच्या उलट, तूर-लाखोळीच्या फांद्या रस्त्यावर आडव्या पसरलेल्या दिसल्या तर त्या मुद्दाम तुमच्या चाकांसाठी टाकलेल्या असतात, फुकटची मळणी. तरी शक्य तेवढं वाचवून काढा. वाळलेला पेंढा खाली सायलेन्सरला गुंडाळला की पेट घेतो. अशा पट्ट्यातून आलात की थांबून गाडीखाली वाकून बघा. आम्ही एकदा मूठभर काढला, गरम होता.

• अंधार पडल्यावर नदीकाठच्या रस्त्यांवर गाडी. दिवसा जो रस्ता बैलगाडीचा, तो रात्री रेतीच्या टिप्परचा. (वाळू नाही, इकडे रेती.) टिप्परच्या मागे चिकटू नका. ताडपत्री नसेल तर काचेवर रेतीचा मारा होतो.

• मोहघाट्याला वेग. लाखनी आणि साकोलीच्या मध्ये महामार्ग जंगलातून जातो, आणि नागझिरा-नवेगावकडच्या जनावरांना तो ओलांडावा लागतो. शेजारच्या गोंदिया जिल्ह्यात, गोंदिया-कोहमारा रस्त्यावर मुरदोलीच्या जंगलात, ऑगस्ट २०२३ मध्ये मोटारीच्या धडकेने वाघ मेला. रस्ता रिकामा होता म्हणून वेग घेतला, हे कारण सगळेच देतात.

• वाघासाठी हट्ट. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात, गोठणगावच्या बाजूला, वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांना पर्यटकांच्या जिप्सींनी दोन्हीकडून कोंडलं. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. चालकाला 'जरा पुढे घे' म्हणणारा तो पर्यटक आपण होऊ नये. नागझिरा अस्वलं, रानकुत्रे आणि पाखरांसाठीही आहे. पक्षिनिरीक्षक किरण पुरंदरे तिथे चारशे दिवस राहिले, ते काय नुसते वाघासाठी? सफारीचं बुकिंग मात्र घरूनच करून निघा, पिटेझरीच्या दारावर हुज्जत घालून उपयोग नाही.

• पाण्यात उतरणं. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि कन्हानमधून वैनगंगेला येतं. आंभोऱ्याखालच्या पाण्यावर हिरवीगार इकॉर्निया, म्हणजे जलपर्णी, पसरलेली दिसते, तिचा फोटो सुंदर येतो, कारण सुंदर नाही. तलावातही तळाचा गाळ पाय सोडत नाही. डोंग्यातून फिरायचं तर जॅकेट मागा, नसेल तर काठावर बसा.

• पाऊस नसताना पूर येत नाही असं धरून चालणं. ऑगस्ट २०२० च्या शेवटी वरच्या मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचं पाणी सुटलं आणि भंडारा शहरात घरांत शिरलं. पावसाळ्यात आलातच तर सकाळी पहिला प्रश्न कारध्याची पातळी किती, हा. गावातला कुणीही सांगेल.

• जवाहरनगरचा आयुध कारखाना किंवा डोंगरी बुजुर्गची मँगनीजची खाण दिसली म्हणून ड्रोन काढणं. सुट्टी पोलीस ठाण्यात संपेल.

• तलावाच्या पाळीवर गाडी चढवणं. फोटोसाठी म्हणा किंवा सावलीसाठी. पाळ मातीची आहे, दोनशे वर्षं बैल आणि माणसं पेलत आली, तुमची दोन टनांची गाडी तिच्या हिशेबात नव्हती. शिवाय पलीकडच्या उतारावर बाया आंघोळीला असतात.

• पितळेचा गुंड डिकीत मोकळा ठेवणं. भंडाऱ्याहून पितळ न घेता परतणं बरं नव्हे, आणि भांडं वजनावरच घ्यावं, नक्षीवर नव्हे. पुतण्याने आईसाठी चांगला जड गुंड घेतला आणि डिकीत टाकला. पहिल्या गतिरोधकावर तो घंटेसारखा वाजला, दुसऱ्यावर बॅगांवर आदळला. मौद्याच्या आधी गाडी बाजूला घेऊन त्याने गुंड मागच्या सीटवर बसवला आणि त्याला पट्टा लावला.