डबा वाजवा, मुलं हलवा: ३ ते ६ वर्षांच्या मुलांसाठी तालाचे खेळ



या महिन्याच्या पाठाला वही-पेन लागणार नाही. एक पत्र्याचा डबा, दोन चमचे आणि रोजची पंधरा मिनिटं पुरतील. विषय आहे लहान मुलांना तालावर हलायला शिकवणं. आपल्या तालावर, आणि जगातल्या दुसऱ्या लोकांच्या तालावरसुद्धा.

“नाचून पोट भरतं का?” असं बैठकीत कुणीतरी म्हणणारच. म्हणून आधी त्याचं उत्तर.

हे कशासाठी?

तालावर हलताना मूल तीन कामं करतं. कान देऊन ऐकतं, ऐकलेलं अंगात उतरवतं आणि ताल थांबला की स्वतःला थांबवतं. यातलं तिसरं काम सगळ्यात अवघड. चार वर्षांच्या पोराला पळायला शिकवावं लागत नाही, थांबायला शिकवावं लागतं. पुढे शाळेत आपली पाळी येईपर्यंत दम धरणं, बाईंचं पूर्ण ऐकून मग हात चालवणं, याची तयारी इथंच होते. आपण मात्र दिवसभर “गप बस” म्हणतो आणि बसलं नाही की हातात मोबाइल देतो. मोबाइलवर गाणं वाजतं, पण मूल जागचं हलत नाही.

दुसरं कारण आपल्या मंगळवेढा तालुक्याचं आहे. कर्नाटकाच्या बाजूच्या आपल्या गावांत कितीतरी घरांत कन्नड बोलतात. ऊसतोडीला बाहेरून कुटुंबं येतात, आपलीही काही बाहेर जातात. असं मूल नव्या अंगणवाडीत गेलं की भाषा कळेपर्यंत कोपऱ्यात बसतं. टाळीला टाळी द्यायला भाषा लागत नाही. पहिल्या दिवसापासून ते खेळात येतं.

आधी कुणी केलं?

स्वित्झर्लंडमध्ये एमिल जॅक-डॅल्क्रोझ (१८६५–१९५०) नावाचे संगीत शिक्षक होते. त्यांच्या लक्षात आलं की विद्यार्थी वाद्य नीट वाजवतात, पण ताल त्यांच्या अंगात नसतो. म्हणून त्यांनी मुलांना तालावर चालायला, पळायला, थांबायला लावलं. आधी अंग, मग वाद्य, अशी ती पद्धत.

आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी इथं गावातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचं काम सुरू केलं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, आणि महागड्या साहित्याऐवजी खडे, पानं, शंख-शिंपले वापरायचे. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथलाच. आपला डबा-चमचाही त्याच वाटेवरचा.

खेळ १: चाल मुलाची, ताल आपला

मुलांना अंगणात मोकळं चालू द्या. एका मुलाच्या पावलाकडे बघा आणि ते पाऊल टाकेल तसा डबा वाजवा. पळालं तर जोरात, थांबलं तर बंद. लहान मुलांची स्वतःची लय मोठ्यांपेक्षा जलद असते. आपल्या संथ ठेक्यावर त्यांना ओढत बसलो की ती चुकतात आणि कंटाळतात. म्हणून पहिला आठवडा आपणच त्यांच्या मागे जायचं. मग हळूहळू उलटं करायचं: डबा हळू वाजला तर हत्तीची चाल, जलद वाजला तर उंदराची.

खेळ २: डबा थांबला, पुतळा झाला

ताल चालू असताना हला, थांबला की आहे तसे उभे राहा. जो हलला त्याला बाद करायचं नाही. बाद झालेलं मूल बसून राहतं, आणि ज्याला सरावाची गरज जास्त तेच खेळाबाहेर जातं.

खेळ ३: दोन, तीन, चार

आता जगाची सफर. मोजणी तोंडाने म्हणा, पहिल्यांदा नुसत्या टाळ्या, मग पाय.

*दोनचा ताल.* ब्राझील देशातला सांबा दोन मात्रांचा असतो. तिथला मोठा ढोल दुसऱ्या मात्रेवर जोर देतो. एकला हलकी टाळी, दोनला मांडीवर जोरात थाप.

*तीनचा ताल.* युरोपात वॉल्ट्झ नावाचा नाच आहे. एकवर जोर, दोन-तीन हलके. मुलांनी पहिल्या मात्रेला गुडघ्यात वाकायचं, पुढच्या दोन मात्रांना चवड्यावर यायचं. हा आपल्याला परका नाही. आपल्या दादऱ्यात सहा मात्रा असतात, तीन आणि तीन.

*चारचा ताल.* इथं आपलं लेझीम घ्या. चार मोजत पुढे, चार मोजत मागे. वारकऱ्यांची पावली तर मुलांनी दिंडीत पाहिलेलीच असते.

*पायांचा ताल.* दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींत घरदार सोडून आलेले मजूर होते. त्यांनी पायातल्या गमबुटांवर थापा मारून, पाय आपटून नाच उभा केला. मुलांना ही गोष्ट सांगा आणि मग पाय-पाय-थाप-टाळी करून घ्या. ऊसतोडीच्या घरातल्या मुलांना ही गोष्ट लगेच कळेल.

हे ताल मोबाइलवर मिळतात. आधी तुम्ही ऐका, डब्यावर बसवा. मुलांना ऐकवताना मोबाइल उपडा ठेवा, म्हणजे त्यांची नजर पडद्यावर अडकणार नाही.

खेळ ४: मी वाजवते, तू सांग

भजनात बुवा एक ओळ म्हणतात, मागचे तीच उचलतात. पश्चिम आफ्रिकेतल्या गाण्यांतही अशी देवाणघेवाण असते. तुम्ही तीन टाळ्या द्या, मुलांनी तीन परत द्यायच्या. मग एकेका मुलाला म्होरक्या करा. गप्प मुलाला ही पाळी जरूर द्या.

काळजी

- बाटलीत ज्वारी किंवा तूर भरून खुळखुळा होतो. झाकण चिकटपट्टीने पक्कं करा, दाणा नाका-तोंडात जायला नको.
- हातभर अंतरावर बोलताना ओरडावं लागत असेल तर आवाज मुलाच्या कानाला जास्त आहे. डीजेसमोर लहान मूल नेऊच नका.
- मुलीला “पुरे आता, बस” म्हणून बाजूला काढू नका.
- हलगी अमक्यांची, ढोल तमक्यांचा, हे मोठ्यांचं बोलणं. हुलजंतीच्या महालिंगराया यात्रेत ढोल घुमला की लेकरू जात विचारून पाय हलवत नाही. आपण ते शिकवू नये.

एक गोष्ट लक्ष ठेवून बघा

मुलाच्या पाठीमागे उभं राहून डबा वाजवा. एखादं मूल दरवेळी दुसऱ्यांकडे बघूनच हलत असेल, मागून वाजवल्यावर वळत नसेल, तर ते हट्टी आहे असं धरून चालू नका. त्याला कमी ऐकू येत असेल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत तपासणीला येतं, ती मोफत असते. अंगणवाडी ताईंना किंवा आशाताईंना लगेच सांगा. कमी ऐकू येणं जितकं लवकर कळेल, तितकं बोलणं वाचतं. अशा मुलाला खेळातून काढू नका. त्याचा तळहात डब्यावर ठेवा, त्याला ताल हाताला कळतो.

पुढच्या बैठकीसाठी

१. प्रत्येकीने आई-आजीकडून एक ताल आणायचा: जात्याचा, फुगडीचा, झिम्म्याचा, कांडणाचा.
२. आपल्या गटात कोणाकोणाची मुलं ३ ते ६ वयाची आहेत, त्यांची यादी करा.
३. आठवड्यातून दोन दिवस अंगणवाडीत पंधरा मिनिटं खेळ घेण्यासाठी दोन ताईंची पाळी लावा. अंगणवाडी ताईंशी आधी बोलून वेळ ठरवा.

डबा प्रत्येकीच्या घरात आहे. ठेकाही आहे, आजवर तो आपण कामाला लावला. आता थोडा लेकरांना देऊया.