दोन देशांत वावरणाऱ्यांचे लायसन्स

आमच्या परिचयाचे एक एसी मेकॅनिक दुबईहून दोन महिन्यांच्या रजेवर म्हसळ्याकडच्या आपल्या गावी आले होते. धाकट्या भावाचा 'छोटा हत्ती' दारात उभा, भाऊ तापाने पडलेला आणि आंब्याच्या पेट्या बाजारात पोचवायच्या होत्या. परदेशात चौदा वर्षे पिकअप चालवणाऱ्याला यात अवघड ते काय? गाडी घेऊन ते निघाले आणि एका वळणावर सायकलस्वाराला धक्का बसला. माणूस वाचला, पाय मात्र मोडला. दावा न्यायाधिकरणात गेला तेव्हा विमा कंपनीच्या वकिलाने एकच कागद मागितला : अपघाताच्या दिवशी मुदतीत असलेले भारतीय लायसन्स. खिशात दुबईचे होते. इथले दोन वर्षांपूर्वीच संपून कपाटात पडले होते.

जखमीला भरपाई कंपनीने दिली, परंतु ती रक्कम गाडीच्या मालकाकडून, म्हणजे त्या धाकट्या भावाकडून वसूल करण्याची मुभा तिला मिळाली. लायसन्स न पाहता मालकाने गाडी दुसऱ्याच्या हाती दिली असे सिद्ध झाले की आधी कंपनीने द्यावे व मग मालकाकडून घ्यावे, ही वाट सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये स्वर्णसिंग खटल्यात मोकळी केली आहे. आज तो भाऊ टेम्पोचे हप्तेही भरतो आणि वसुलीचेही.

या प्रकरणानंतर आम्ही चार-पाच घरी चौकशी केली. सर्वत्र एकच समजूत आढळली : "एका देशाचे लायसन्स असले की दुसऱ्या देशात ते बदलून मिळते." ही समजूत अर्धी खरी आहे, आणि आपल्या लोकांच्या बाबतीत नेमकी खोटी ठरणारी अर्धी बाजूच कामाची आहे.

लायसन्स बदलून देणे हा दोन सरकारांमधल्या विश्वासाचा व्यवहार आहे. तुमच्या देशाची चाचणी आमच्या चाचणीइतकी कठीण आहे असे ज्यांच्याबद्दल वाटते, त्यांचीच नावे यादीत जातात. संयुक्त अरब अमिरातीच्या यादीत ब्रिटन, अमेरिका, जपान, युरोपातील देश आहेत. भारत नाही. त्यामुळे रत्नागिरीच्या आरटीओने दिलेले वीस वर्षांचे जुने लायसन्स असले तरी दुबईत शाळेत नाव घालावे लागते, लेखी परीक्षा, गाडी लावण्याची परीक्षा आणि शेवटी रस्त्यावरची परीक्षा द्यावी लागते. सारा खर्च काही हजार दिरहमांच्या घरात जातो. रस्त्याच्या परीक्षेत एकदा नापास झाले की पुन्हा तास, पुन्हा फी. आपल्याकडे डाव्या बाजूने चालवण्याची सवय झालेला हात तिथल्या उजव्या बाजूच्या रहदारीत, विशेषतः गोल चौकात शिरताना, चुकतो. परीक्षक नेमके तेच पाहत असतो.

मग भारतीय लायसन्स घेऊन जाण्यात फायदाच नाही का? आहे. ज्याच्याकडे मायदेशाचे जुने लायसन्स असते त्याला शिकवणीचे तास कमी घ्यावे लागतात, हा दुबईत कित्येक वर्षे चालत आलेला नियम. पुढे २०२३ मध्ये दुबईच्या रस्ते व वाहतूक प्राधिकरणाने यादीबाहेरच्या देशांतील लायसन्सधारकांना शिकवणी न घेता थेट परीक्षेला बसण्याची एक संधी देऊ केली. जमले तर हजारो वाचले, न जमले तर नेहमीचा मार्ग. दोन्ही सवलतींना अट एकच, मायदेशाचे लायसन्स मुदतीत हवे. कपाटातले संपलेले कार्ड तिथे दाखवून उपयोग नाही.

आंतरराष्ट्रीय परवान्याबद्दलही घोटाळा आहे. भारत १९४९ च्या जिनिव्हा करारातला देश असल्याने आपल्या आरटीओतून हा परवाना मिळतो. त्याची मुदत फार तर एक वर्ष. तो पाहुण्याचा कागद आहे, रहिवाशाचा नव्हे. व्हिजिट व्हिसावर असेपर्यंत अमिरातीत तो चालतो. राहण्याचा व्हिसा लागला की तिथलेच लायसन्स हवे. २०२५ च्या मार्चपासून तिथे लागू झालेल्या नव्या वाहतूक कायद्यात, मान्य नसलेल्या परदेशी लायसन्सवर गाडी चालवणाऱ्याला पहिल्याच वेळी दोन हजार ते दहा हजार दिरहम दंड आहे. पुन्हा सापडल्यास तुरुंगाचीही तरतूद आहे. "मालक म्हणाला, जवळच जायचे आहे, चालव" हे कारण कोर्टात सांगण्यासारखे नाही.

आता आपल्याकडची बाजू. ही नीट समजून घेतली तर निम्मी काळजी मिटते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात खाजगी गाडीचे लायसन्स वीस वर्षे किंवा वयाच्या पन्नाशीपर्यंत चालत असे, संपल्यावर तीस दिवसांची सवलत होती आणि पाच वर्षांपर्यंत परीक्षेविना नूतनीकरण होत असे. आपल्या घरांतील वडीलधारी माणसे आजही हाच हिशेब सांगतात. २०१९ च्या दुरुस्तीने तो बदलला. तिशीच्या आत लायसन्स काढणाऱ्याला ते वयाच्या चाळिशीपर्यंत मिळते. तीस ते पन्नास वयात दहा वर्षांसाठी. पन्नास ते पंचावन्नमध्ये साठीपर्यंत. त्यापुढे पाच-पाच वर्षे. तीस दिवसांची सवलत गेली. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याआधी एक वर्षापासून, मुदत संपल्यानंतर एक वर्षापर्यंत करता येतो. ते वर्षही उलटले की पुन्हा परीक्षा.

म्हणजे नूतनीकरणाची खिडकी एकूण दोन वर्षे उघडी असते. आखातातील पुष्कळ करारांत रजाही दोन वर्षांनीच मिळते. त्यामुळे खिडकी उघडी असताना निदान एक रजा येतेच, फक्त ती कोणत्या बाजूला येते ते पाहावे लागते. मुदतीआधी आली तर काम सोपे : मुंबईला उतरल्याच्या पहिल्या आठवड्यात पेण, रत्नागिरी, जिथले असेल तिथले काम उरकावे, नंतर लग्ने आणि पाहुणे. मुदतीनंतर आली तर अर्ज करता येतो, पण नवे कार्ड होईपर्यंत स्टिअरिंगला हात लावू नये. त्या दिवसांत लायसन्स अमलात नसते. आमच्या मेकॅनिक बंधूंच्या हे लक्षात असते तर मागच्या रजेतच काम झाले असते. मागच्या रजेत त्यांनी घराचा माळा बांधला. लायसन्सची आठवण कोणाला?

परदेशातून कायमचे परतणाऱ्यांसाठी आपल्याच कायद्यात एक दार आहे, ते फार थोड्यांना ठाऊक असते. कलम ९ म्हणते की अर्जदाराकडे दुसऱ्या देशाच्या सक्षम अधिकाऱ्याने दिलेले त्या प्रकारच्या गाडीचे लायसन्स असेल व वैद्यकीय अट पुरी होत असेल, तर चालवण्याची परीक्षा आवश्यक नाही. आपले लायसन्स त्यांना चालत नाही, त्यांचे आपल्याला चालते. व्यवहार एकतर्फी असला तरी फायदा आपलाच आहे. मात्र ते परदेशी लायसन्स अर्जाच्या दिवशी मुदतीत हवे. म्हणून शेवटचे तिकीट काढण्यापूर्वी, व्हिसा रद्द होण्याआधी तिथले लायसन्स किती दिवसांचे उरले आहे ते पाहून घ्यावे.

बर्मिंगहॅम वा ब्लॅकबर्नकडे नातलग असलेल्या कुटुंबांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ब्रिटनमध्ये भारतीय लायसन्सवर राहायला गेल्यापासून बारा महिने चालवता येते, नंतर तिथली परीक्षा. अमिरात मात्र २०२१ पासून ब्रिटनच्या अदलाबदलीच्या यादीत आहे. दुबईत परीक्षा देऊन मिळवलेले लायसन्स असलेला कोकणी कारागीर ते ब्रिटनमध्ये बदलून घेऊ शकतो. त्यासाठी मूळ कार्ड अर्जासोबत पाठवून द्यावे लागते. परीक्षा कुठे दिली हे तिथे विचारतात. दुबईत कष्टाने दिलेली परीक्षा अशी पुढच्या देशात पुन्हा पैसे वाचवते. ऑटोमॅटिक गाडीवर परीक्षा दिली असेल तर दोन्ही ठिकाणी फक्त ऑटोमॅटिकचाच हक्क मिळतो. माल वाहणाऱ्या पिकअप बहुधा गियरच्या असतात, तेव्हा थोडी सोय म्हणून ऑटोमॅटिक निवडू नये.

छोट्या टेम्पोवाल्यांना एक दिलासा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी निकाल दिला की हलक्या मोटार वाहनाचे लायसन्स असणाऱ्याला साडेसात हजार किलोपर्यंत एकूण वजनाचे मालवाहू वाहन चालवण्यासाठी वेगळी नोंद लागत नाही. म्हणजे 'छोटा हत्ती' साध्या लायसन्सवर चालतो. पण ते मुदतीत हवेच.

शेवटी नावाचा प्रश्न. पासपोर्टवर 'मोहम्मद', लायसन्सवर 'मोहमद', तिसऱ्या कागदावर नुसते 'मो.', कुठे वडिलांचे नाव मध्ये, कुठे आडनावच नाही. इथे त्याकडे कोणी बघत नाही, परदेशातील खिडकीवर मात्र दोन वेगळी माणसे ठरतात. नूतनीकरणाला जाल तेव्हा पासपोर्ट सोबत न्या आणि नाव व जन्मतारीख त्याप्रमाणे करून घ्या. लायसन्स जुन्या पुस्तकाच्या रूपात असेल तर त्याची नोंद 'सारथी' संगणक प्रणालीत चढली आहे का हे त्याच खेपेला पाहा. नसेल तर चढवून घ्या, आणि नवे कार्ड हाती आले की त्यावरचे स्पेलिंग लगेच एकदा वाचून बघा.